येतो

वडगावात दुपारी करंट जातो
तेव्हा आधी कानच दुखतात.
गल्लीतले पंचवीस-तीस माग एकदम गप्प.
मग एकेक ऐकू यायला लागतं:
घागरीत पडणारी बारीक धार,
शाळेतून आलेल्या पोराचं नाक ओढणं,
माझ्या हातचरख्यावर
कांडीवर चढणाऱ्या धाग्याची सळसळ.

आणि शट्टू.
माझ्या पाठचा भाऊ.
आई सकाळी गेली, यानं फोन केला संध्याकाळी.
जांबोटी काय लांब आहे? एका बसचं अंतर.
‘तू घाबरशील म्हणून,’ म्हणाला.
मी पोचलो तर
अंगण झाडून झालेलं.

मी पोचलो, असंच म्हणतो आम्ही बायका इकडं.
येतो, बसतो, जेवतो.
पुण्याची जाऊबाई हसते. हसू दे.

माग चालू असला की शट्टू ऐकू येत नाही.
तीन वर्षं करंट गेला की त्याच्याशी मनात भांडलो.
प्रत्येक भांडणात मीच जिंकलो
आणि प्रत्येक वेळी भाकरी तशीच राहिली.

पलीकडची नीलव्वा
भिंतीतल्या खिडकीतून माझं तोंड बघते.
“सिट्ट बंदैतेन?”
राग आलाय का.
मी मान हलवतो.
“बरली. कुंद्रली. होगतैती.”
येऊ दे. बसू दे. जाईल.
असं म्हणते, जसा काय पोस्टमन आलाय.

पाट्या कुठल्या अक्षरात लिहायच्या ते राहू दे,
तिच्या भाषेत येतो
तसा माझ्याही भाषेत राग येतोच की.
रडू येतं. कंटाळा येतो. आठवण येते.
कुणी म्हणत नाही, मी राग आहे.

मग बघितलं, आलाय तर बसतो कुठं.
आधी जबड्यात.
नंतर गळ्याच्या खाली,
उपड्या तांब्यासारखा.
बोटं गार.
त्याला चहा दिला नाही. हाकललं पण नाही.
धागा तुटल्यावर करतात तसं केलं.
ओरडून टोक सापडत नाही,
डोळे बारीक करून, फुंकर घालत शोधावं लागतं.

सापडलं.
ते रागाचं नव्हतंच.
आईच्या पायांना शेवटचं तेल
मला लावायचं होतं.

नीलव्वानं ताकाचा तांब्या सरकवला.
काही विचारलं नाही.
एक घोट घेतला, आधी गार,
मग मिठाचा एक खडा, न विरघळलेला.
त्या खड्याला किती वेळ
दाताखाली धरून बसलो.
येळ्ळूरकडून वारा आला.
भात फुलोऱ्यात असणार, बासमतीचा वास.
दरवर्षी येत असणार.
तीन वर्षं मी नाक कुठं ठेवलं होतं?

सुख म्हणावं का त्याला, ठाऊक नाही.
कांडी भरत होतो
आणि कांडीच भरत होतो.

मग बल्ब लागला, माग खटाखट सुटले,
तसा राग उठला.
आपल्याकडं उठणारा माणूस
कधी ‘जातो’ म्हणत नाही.
हा पण उंबऱ्यात वळून म्हणाला,
येतो.

ये, म्हटलं. दार ओळखीचं आहे.

शट्टूला दिवाळीला फोन करणार काय,
नीलव्वा विचारते.
बघतो.