पुस्तक कुठे उघडतं

क्वार्टर गेटच्या मागे, सायकल दुरुस्तीला लागून
माझं बाइंडिंगचं दुकान. एकतीस वर्षं झाली.
सोसायट्यांची रजिस्टरं, पीएचडीचे प्रबंध,
आणि नाताळ जवळ आला की शास्त्रं:
काळ्या रेक्झिनची, पुठ्ठा सुटलेली,
आत वाळलेली झावळी, पेन्शनची पावती.

कुणाचं कुठल्या मंडळीचं, ते मी न वाचता सांगतो.
पाठीवर उभं धरायचं, हात काढून घ्यायचा.
जिथे आपणहून उघडेल
तिथे मालक राहतो.

थिओफिल काळोख्यांचं नदीपाशी उघडतं.
पूर्ण बुडायलाच हवं, कपाळावरचे तीन थेंब चालत नाहीत,
म्हणून साठाव्या वर्षी ते खडकवासल्याला
नव्या गुडघ्यांसकट पाण्यात उतरले.
त्यांचे सख्खे मेहुणे शांतवन उजगरे,
त्यांचं उघडतं वधस्तंभावरच्या चोरापाशी.
"त्याला कुणी बुडवलं होतं?" एवढं विचारतात
आणि चहा बशीत ओततात.

हन्नाबाई आढावांना उपदेश करायचा होता.
पाळकांनी पेन्सिलीने खूण करून पान पुढे केलं,
बायकांनी मंडळीत गप्प बसावं, ते.
बाईंनी तीच पेन्सिल मागून घेतली,
दुसऱ्या पानावर खूण केली:
रिकाम्या कबरीची बातमी पहिल्यांदा कुणी आणली?
पेन्सिल अजून त्यांच्या पर्समध्ये आहे.

खडकीच्या एका निवृत्त सुभेदारांचं
पोटासाठी थोडा द्राक्षारस सांगितलाय तिथे.
ते पान इतकं मऊ झालं होतं
की मागून पातळ कागद लावावा लागला.

मी कुणाशी वाद घालत नाही.
बुडालेला, शिंपडलेला, शनिवार पाळणारा,
सगळ्यांना दोनशे ऐंशी रुपये.

या आठवड्यात घरचं काढलं. पाठ गेली होती.
टेबलावर उभं धरलं, हात काढला,
तर उघडलं जुवापाशी.
विश्वासणाऱ्याने परक्याबरोबर
एका जुवाखाली मान देऊ नये.
कडेला अंगठ्याचा डाग, सरसाचा, माझाच.

केझियाला हेच पान वाचून दाखवलं होतं मी त्या रात्री.
तीनदा. तिसऱ्यांदा उभं राहून.
मुलगा कोथरूडचा, निनाद नावाचा, चांगला असेलही.
ती चपला घालत होती.
मी ओळीवर बोट धरून होतो.
बोट काढलं असतं
तर दारापर्यंत गेलो असतो.

शिवण उसवली, फर्मे वेगळे केले,
तेव्हा आणखी एक जागा मळलेली दिसली, बरीच अलीकडे.
चार पानांची गोष्ट, मवाबातल्या सुनेची,
सासूचा पदर न सोडणाऱ्या परकीची,
जिच्या वंशात पुढे राजा जन्मला.
तिथला डाग हळदीचा.

दीना. आठ वर्षं.
स्वयंपाकघरात, मी दुकानात असताना.
आणि मी धरून चाललो होतो
की आपल्या घरात एकच शास्त्र आहे.

"मला का नाही दाखवलंस?"
"तुम्ही बोट उचलाल तेव्हा ना,"
ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी मोजायला गेली.

काल शिवून टाकलं.
दोरा जुवातून गेला, मवाबातून गेला,
चोरातून, नदीतून, द्राक्षारसातून.
दोऱ्याला काय, भोक दिसलं की जातो.
मला मात्र दोनदा सुई टोचली.

आता प्रेसमध्ये दाबून ठेवलंय. सरस वाळायला रात्र लागते.
गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो,
नवी बांधणी आपणहून कुठेच उघडत नाही.
जपून वापरा.
पहिल्यांदा जिथे जोर देऊन उघडाल
तिथे पाठ मोडेल तिची,
आणि पुढे तिथेच उघडत राहील,
तुम्ही नसलात तरी.

घरी आलो तर दीना मोठा डबा घासत होती,
चार कप्प्यांचा, माळ्यावरून काढलेला.
उद्या रविवार.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
फडकं घेतलं
आणि झाकण पुसायला बसलो.