दीडशे पावलं

पारोळ्यात कृषी केंद्राच्या गल्ल्यावर एकतीस वर्षं बसलो.
युरियाच्या गोण्या विकल्या, हिशेब चोख ठेवला,
कुणाच्या वावरात किती पडलं ते कधी विचारलं नाही.
निवृत्त झालो, नाल्याकाठच्या कॉलनीत घर बांधलं,
मागच्या भिंतीलगत बावीस गुलाब लावले
आणि फाटक्या गोण्यांतला उरला माल
त्यांच्या बुडाशी ओंजळीनं ओतत राहिलो.
मोजून नाही. घरचंच होतं.

भिंतीपलीकडे हिवरी.
नकाशात तिला नाव नाही, नुसती निळी रेघ आहे.
काठाला हिवर होते म्हणे कधीकाळी,
आता विटांचे तुकडे,
आणि कॉलनीनं भिंतीवरून भिरकावलेलं सगळं:
कापलेली लॉन, केळीचे खुंट,
रंगाचे डबे धुतलेलं पाणी.
मीही टाकलं.
पलीकडे पडलं की ते आपलं राहत नाही
असं आम्ही सगळेच धरून चाललेलो.

भाद्रपदात एका दुपारी
नातीची लाल चप्पल अंगणातून तरंगत निघाली
आणि मोरीच्या भोकातून पसार झाली.
तिनं घर डोक्यावर घेतलं, म्हणून मी छत्री घेतली,
हिवरीच्या काठानं चालत गेलो.
मोजायची जुनी खोड, पावलंही मोजली.
दीडशेव्या पावलाला डोह लागला.
चप्पल होती तिथे,
हिरव्या साईवर उलटी पडलेली.
साय इतकी दाट की तिला बुडताही येईना.

काठावर केवळबाई भोई, मांडीवर कोरडं जाळं.
तिनं काठीनं चप्पल ओढून दिली,
माझ्या नखांतलं पांढरं पाहिलं, म्हणाली,
"भाऊ, तुना गुलाबनं खत मना डोहमा उतरनं."
भांडली नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.
मग नावं घेतली:
मरळ, वांब, शिंगाळा, झिंगे.
एकेका नावाला एकेक बोट मिटलं,
मूठ झाली,
ती तिनं पदराखाली नेली.

रात्री माळ्यावरून दुकानातला तराजू उतरवला.
बावीस ओंजळी एकीवर एक टाकत गेलो.
साडेपाच किलो.
एवढ्यात दोन गुंठे कपाशी निघते, हे मी
झोपेतही सांगू शकलो असतो,
गिऱ्हाईक समोर असतं तर.

आता शेणखत. वरून चिमूटभर कधी दिलं तर
पाऊस उघडल्यावर, आळ्याच्या आत.
मोरी बुजवली नाही, पाण्याला वाट हवीच;
तिच्या तोंडाशी खड्डा खणला, वाळू-खडी भरली,
पाणी तिथे बसतं, जिरतं, मग जमलं तर पुढे जातं.
केळीचे खुंट परसातच कुजतात.
आणि भिंतीलगतचं चार हात गवत मी कापत नाही.
हराळी आली, आघाडा आला,
न विचारता तरवड आला.

बऱ्हाटे सर म्हणाले, साप निघतील.
निघाला. धामण होती.
ती उंदरांच्या मागे होती, सरांच्या नाही.
शेजारची कोकिळा स्कूटर अजून उतारावरच धुते,
फेस माझ्या फाटकावरून वळण घेत जातो.
तिला मी काय तोंडानं सांगू?
एकतीस वर्षांच्या पावत्यांवर सही माझी.
एकदा नुसतं म्हणालो, जरा गवतावर उभी कर ना.
तिनं हेल्मेट पुसलं.

बावीसातले सोळा गुलाब उरले, फुलं लहान येतात.
बायको म्हणते, वास मात्र आहे.

दर रविवारी दीडशे पावलं जातो.
हिवरी पुढे बोरीला मिळते, बोरी तापीला,
तिथवर मोजायला माझे पाय पुरायचे नाहीत.
डोह अजून हिरवाच.
फक्त काठाशी, परातीएवढ्या जागेत,
परवा तळाचा दगड दिसला.
मी बोट दाखवलं.
केवळबाई वाकली, बराच वेळ पाहत राहिली.
"दखाई ऱ्हायना," म्हणाली.
जाळं तिनं उलगडलं नाही.
नुसतं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.