कांदा नाव सांगत नाही

पुलाच्या वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे तीन कारखाने.
ज्या आठवड्यात तपकिरी बुटांची मागणी,
त्या आठवड्यात नदी तपकिरी.

शाळेमागच्या खोलीत मी पेल्यांवर कांदे बसवते,
बूड तेवढं पाण्याला टेकलेलं.
तीन दिवस. मग पट्टी घेऊन मुळं मोजायची.
झऱ्याच्या पाण्यात बोटभर, पांढरी, सरळ.
पुलाखालच्या पाण्यात नखाएवढी,
टोकाशी गळासारखी वाकलेली.

परवा झुलेइदे आली.
ग्वारानाची बाटली, लेबल खरवडून काढलेलं.
"कुठलं ते विचारू नकोस. बसव."

चौथ्या दिवशी मी मुळाचं टोक कापलं,
रंगवलं, काचेखाली अंगठ्यानं दाबलं.
हजार पेशी मोजल्या, एकेक, ओठ हलवत.
वेगळ्या व्हायला निघालेल्या दोन अर्ध्यांमध्ये
एक धागा अडकलेला.
कुठे केंद्राशेजारी एक ठिपका,
निघताना मोजायचं राहून गेलेलं पोर.

"किती?" तिनं विचारलं.
मी काही बोलले नाही, पट्टी पुढे केली.
तिनं स्वतःचं नख मुळाला लावून पाहिलं.
"विहिरीचं आहे," ती म्हणाली.
"याच्यातच घेवडा शिजवते मी."

तिचा वाल्दोमिरो बावीस वर्षं रंगाच्या पिंपावर.
त्याच्या कोपरापर्यंत रंग चढलेला, रविवारीही.
तो म्हणाला, कांद्याला काय कळतं?
कारखान्याचा वकील म्हणाला, विष कोणतं, नाव सांगा.

कांदा नाव सांगत नाही.
तो फक्त वाढायचा थांबतो.

झुलेइदेनं माझ्याकडून चार कांदे उसने नेले,
मग बाजारातून गोणीच आणली.
इराची, दोना इल्झे, केकवाली मार्लीझ,
एकेका खिडकीत एकेक पेला,
जॅमच्या बाटल्या, दात घासायचे मग,
एके ठिकाणी तर फुटबॉलचा जुना चषक.
संध्याकाळी बायका पट्ट्या घेऊन गल्लीत फिरतात,
पोरं आकडे ओरडतात,
आणि कुठे पाणी मुरतंय
ते भिंतीवर खडूनं लिहिलं जातं.

काल मी टेकडीवरून घरी येत होते.
मॅनेजरचं घर, उंच कुंपण, कुत्रा.
वरच्या मजल्यावर, पडद्याच्या आड,
त्याच्या बायकोनं ठेवलेला
उंच दांड्याचा वाइनचा पेला.
त्यावर एक कांदा.

मुळं किती, ते खालून दिसलं नाही.