विरजण

नाकावर चालतं आमचं श्रीखंडाचं दुकान,
दांडिया बाजारात, सुरसागराकडून येताना डाव्या हाताला.
पातेल्यावरचं झाकण बोटभर उचललं
की मला कळतं
दही किती वाजता लागलं,
आंबलंय की नासलंय.
या दोन शब्दांच्या मधल्या फटीत
आमची तीन पिढ्यांची भाकरी आहे.

चैत्रात ते नाक माझ्यावरच उलटलं.
गल्ल्यावर बसले की वाटायचं,
समोरच्या गिऱ्हाइकाला येतोय.
पावशेर केशर-पिस्ता मागणारी बाई
पदर नाकाशी नेते
ते उन्हामुळे, की माझ्यामुळे?
श्रीरंग काही बोलले नाहीत.
रात्री टेबलफॅनचं तोंड तेवढं फिरवलं.

मग औषधाच्या दुकानातून गुलाबी बाटली आणली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीच्या मालासारखी.
दिवसातून तीनदा धुतलं, अगदी आतपर्यंत,
करपलेलं पातेलं घासावं तसं.
चार दिवस मोगरा.
पाचव्या दिवशी मोगऱ्याखालून मासळीबाजार.

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर इरावती फणसे.
"कुठं त्रास होतोय?"
"तिथं."
"तिथं म्हणजे?"
"खाली."
"खाली तर बँक आहे," त्या म्हणाल्या,
आणि मग साध्या आवाजात, पेन खाली न ठेवता,
तो शब्द उच्चारला
जो मी आजवर फक्त
चौऱ्याऐंशी लक्षांच्या हिशेबात ऐकला होता.

"योनी आपली आपण स्वच्छ होते, बाई.
आत जे जंतू नांदतात
ते तुमच्या विरजणाचे चुलत भाऊ.
घर आंबट ठेवतात, म्हणून परकं कुणी टिकत नाही.
तुम्ही धुऊन धुऊन त्यांनाच बाहेर काढलंत,
रिकाम्या खोल्यांत दुसरेच शिरले."
मी विचारायच्या आधीच, चष्म्यावरून बघत,
"आणि म्हणून दही आत घालायचं नाही हं.
आलेल्या आहेत तशाही."

तपासणी. सात दिवसांच्या गोळ्या.
बाहेरून नुसतं पाणी, आत काही नाही,
ना साबण, ना अत्तर, ना बोट.
खाज सुटली, राखाडी पाणी गेलं, हा वास परत आला
तर बाटलीकडे नाही, इकडे यायचं.
"थोडा वास राहणारच. घामाचा असतो, पाळीचा असतो.
फूल थोडंच आहे ते."

उठता उठता त्यांनी विचारलं,
"आतले कपडे कुठं वाळवता?"

मी गप्प.
मोरीच्या दाराआड, खिळ्यावर,
वर परकर, परकरावर टॉवेल.
नायलॉनचे तीन, सेलमधले.
सकाळी ओलसरच अंगावर चढतात.

आणि चक्क्याची फडकी?
ती मी उकळते, झटकते,
गच्चीवर बाराच्या उन्हात सोडते.
एक घडी दमट राहिली
तर कामाच्या पोरीला, रेवतीला, सुनावते,
अख्खा घाणा बिघडवशील!
दह्याच्या कापडाचे इतके लाड.

परवा सुती घेतल्या, चार, पांढऱ्या.
काल दोरीवर टाकल्या,
फडक्यांच्या शेजारी, वर काही न झाकता.
हात थरथरले, खोटं का बोलू.
समोरच्या गच्चीवर हंसाबेन पापड उलटत होत्या.
बघितलं. पुन्हा बघितलं.
"आज बहु तडको छे," म्हणाल्या.
"हो," म्हटलं, "चांगलं आहे ना ऊन."

गोळ्यांचा आज पाचवा दिवस.
दुपारी एकाने विचारलं, श्रीखंड आंबट तर नाही?
थोडं आहे, मी म्हटलं, असावंच लागतं.
पंख्याचं तोंड कुठं आहे
ते अजून बघितलेलं नाही.
मी आता दाराकडच्या बाजूला झोपते,
तिथं वारा आपोआप येतो.