पाण्याची चव

पहिल्या ठिकाणी वेटरनं मेन्यू दिलाच नाही.
"मॅडम, फॅमिली सेक्शन वर आहे."
मी एकटीच आहे, म्हटलं.
"तरी वर."
वर एसी होता, पनीर चिली होतं,
भिंतीवर धबधब्याचं पोस्टर,
आणि बाटलीतली तीच नेहमीची पिवळी,
इतकी गार की जिभेला काही विचारताच येऊ नये.

नागपुरात मे महिन्यात बीअरची एकच परीक्षा असते.
छेचाळीस अंशांत
माल्ट कुठला, असं विचारणाऱ्या बाईकडे
लोक ऊन लागल्यासारखं बघतात.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं बंगळुरात,
पाण्याच्या गढूळपणावरच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात.
शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी पेला पुढे केला.
गढूळ. मुद्दाम गढूळ ठेवलेला.
बावीस वर्षं मी शहराचं पाणी तपासते,
गढूळपणाचा आकडा एकाच्या वर गेला
की फोन लावते, माणसं झोपेतून उठवते.
आणि इथं तो कुणीतरी जपला होता,
लोणच्याचा खार जपावा तसा.

तेव्हापासून शनिवार संध्याकाळ, स्कुटी, तोंडाला ओढणी.

धरमपेठेत ग्लास देखणा होता.
"यात संत्र्याची साल आहे, मॅडम."
मी वास घेतला.
अहो, काटोलची माझी आई.
सालीचा वास नखात घेऊन मी शाळेत गेलेय.
ही साल नव्हे, ही सरबताची पुडी.
पाचशे रुपये दिले, निम्मा ग्लास ठेवून उठले.
वर्धा रोडला बीअरच्या आधी बाउन्सर,
मग क्रिकेट, मग क्रिकेटवर ओरडणारे.
सदरमधल्याला शटर.
शेजारचा पानवाला म्हणाला,
"ते तं दिवाळीलेच उठलं, ताई.
आता तिथं मोमो भेटते."

कडबी चौकाच्या पुढे, टायरच्या दुकानावर,
लोखंडी जिना. पाटी नाही.
देवचंद हेडाऊ, पूर्वी बुटीबोरीला बॉयलर सांभाळायचे.
"बसा ना जी."
कुठं बसायचं ते सांगितलं नाही,
म्हणून मी खिडकीपाशी बसले.
कूलर खडखडत होता. समोर पोहे आले, वर तर्री.
मग पेला.

आधी भाजलेल्या पोळीचा पापुद्रा.
मग कडू, कारल्याच्या पहिल्या फोडीसारखं,
जे नको म्हणता म्हणता हवंसं होतं.
आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी,
काहीतरी ओळखीचं.
दुसरा घोट डोळे मिटून घेतला.

"पाणी पेंचचं आहे," मी म्हटलं. "कन्हानचं नाही."
"तुमाले कसं समजलं?"
"मीच सोडते ते."

हेडाऊंनी फडकं खांद्यावर टाकलं, खुर्ची ओढली.
"मंग मॅडम, उन्हाळ्यात क्लोरीन जरा कमी टाका ना जी.
मले दोन-दोन रात्री टाकी उघडी ठेवा लागते.
पोरगी म्हणते, बाबा पाण्याची राखण करून राहिले."
मी म्हटलं, नाही जमणार.
जुन्या वस्तीत पाइप फुटला
की कावीळ आधी माझ्या टेबलावर येते.
ते थोडा वेळ कूलरकडे बघत राहिले.
"बरोबर आहे," म्हणाले,
आणि न सांगता दुसरा पेला भरला.
त्याचे पैसे घेतले. तेही बरोबर.

सोमवारी नमुन्याची बाटली उजेडात धरली.
रंग: नाही. वास: नाही.
चव: या रकान्यात बावीस वर्षं
एकच शब्द लिहितेय, स्वीकारार्ह.
आजही तोच लिहिला,
फक्त अक्षर थोडं मोठं आलं.

नंदनवार साहेब विचारत होते, मग सापडलं का कुठे?
सांगितलं, कडबी चौकाच्या पुढे.
कोणत्या बाजूचं पुढे,
ते त्यांनी विचारलं नाही.