गोखलेनगर, इस्त्रीचं दुकान

अप्पा कॉलरच्या आत काळ्या दोऱ्याने
घराचा नंबर टाकतात. एक शर्ट, एक घर.
गुरुवारी लाइट नसते, कोळशाची इस्त्री काढतात,
मी तिच्या उबेला अकरावीची वही उघडते :
प्रांतातल्या प्रत्येकाला एक आणि एकच प्रतिमा.

चार शर्ट एकाच घरी गेले तरी चालतं,
सातपुत्यांचे जातातच.
नऊ नंबरकडे दिवाळीपासून काही जात नाही.
तेही चालतं. सहप्रांतात नाव राहतं,
आमच्या डायरीत राहिलंय तसं,
पुढे एकशे चाळीस बाकी.

अडतो तो फक्त एक लहान गणवेश,
निळा, खिशाला शाईचा डाग.
त्याच्या कॉलरला दोन नंबर :
तेवीस आईचा,
एकेचाळीस, रस्त्यापलीकडे, वडिलांचा.

डंबीर बाईंनी लिहून दिलंय,
एकाच्या दोन प्रतिमा असतील तर ते फलन नाही,
तो नुसता संबंध.

मी ‘नुसता’वर रेघ मारली.
परीक्षेत मार्क जातील.

अप्पा हँगर हातात घेऊन दारात उभे :
“आज कुणाकडे गं तो?”