दिवसाला एक मिलिमीटर

नोंद क्रमांक सतरा. मुरलीधर वडके, वय सेहेचाळीस,
तांबट आळी. उजवा हात.
पोटमाळ्याच्या जिन्यावरून, रात्री, प्यालेला.
दंडाचं हाड तिरकं मोडलं. पट्टी, सहा स्क्रू.
हाडाला आपलं काम कळतं, ते सांधलंसुद्धा.
पण त्याला वळसा घालून खाली उतरणारी नस
आत चेंगरली,
आणि मनगट लोंबू लागलं
खुंटीवरच्या ओल्या पंचासारखं.

दारू सुटतानाची थरथर
फक्त डाव्या हाताला आली.
उजव्याला तेवढंही जमत नव्हतं.

माझं काम एवढंच :
दर दुसऱ्या बुधवारी रबरी हातोडीनं
त्याच्या दंडावरून खाली टकटक करत यायचं,
तो "हां" म्हणेल तिथं थांबायचं.
तिथं मुंग्या येतात, तिथवर नस वाढलेली असते.
निळ्या पेनानं एक ठिपका.
मग पट्टी लावून, मागच्या ठिपक्यापासून किती.

ठिपके आंघोळीत जायचे.
मंदाकिनीबाई रोज रात्री ते गिरवून ठेवत,
लहान मुलाची पाटी गिरवावी तसे.

"दिवसाला एक मिलिमीटर?" पहिल्यांदा ऐकून तो हसला होता.
"ताई, तांब्याची तार आम्ही याहून लवकर ओढतो."
आणि मग, शर्टाची बाही खाली करता करता :
"आमच्या संध्याकाळच्या मंडळींतही हेच सांगतात.
आजचा दिवस. उद्याचं उद्या."

सोमवार पेठेतल्या कुठल्याशा शाळेच्या वर्गात
ही मंडळी चिमुकल्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात.
कागदी कपात चहा.
उठून नाव सांगायचं, मग आकडा.
त्याचा आकडा त्रेसष्टवर गेला
आणि पुढच्या बुधवारी तो आलाच नाही.

आला तेव्हा गुरुवार होता, दाढी वाढलेली.
मी विचारायच्या आत म्हणाला,
रकाना सात, होय लिहा.
मेव्हण्याच्या दहाव्याला. नंतर चार दिवस.

मी टकटक करत आले.
कोपराच्या खाली, जरासं पुढे, "हां."
पंधरा दिवसांत नऊ मिलिमीटर.
त्यानं माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं.
"म्हणजे सहा मिलिमीटर प्यालो मी."

हे खरं नसेलही.
सहा मिलिमीटर माझ्या बोटाची चूक असू शकते,
पट्टीची, घाईची, गुरुवारची.
एका हातावरून काही सिद्ध होत नाही
म्हणून तर आम्ही साठ हात मोजतोय.
हे त्याला सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.

पण एक गोष्ट मी वहीकडे बघत राहिले तेव्हा सुचली
आणि ती तोंडातून गेलीच :
तिकडे तुम्ही पुन्हा एकपासून सुरू करणार ना?
इथं तसं नसतं.
नस मागे येत नाही, वडके.
त्या चार दिवसांतही ती चाललीच होती,
हळू असेल, पण खालच्या बाजूलाच.

तो बराच वेळ ठिपक्यांकडे बघत बसला.
बाहेर कुणीतरी स्ट्रेचरचं चाक ओढत नेत होतं,
एक चाक कुरकुरणारं.

आज एकशे अडतिसावा दिवस माझ्या वहीत,
त्याच्या मंडळींत एकसष्टावा.
हात टेबलाच्या कडेवरून लोंबता ठेवला, म्हटलं उचला.
काही नाही.
पुन्हा.
मनगट जागचं हललं,
एवढंसं, डास बसल्यावर कातडी हलते तेवढं.
आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि दोघंही काही बोललो नाही.

मग त्यानं डाव्या हातानं माझी हातोडी उचलली,
तळहातावर तोलली,
आणि स्वतःच आपल्या हातावर ठोकत गेला,
कान तिरका करून,
घागरीला चीर आहे का बघताना ठोकतात तसा.

रकाना अकरा, शेरा.
तिथं मी लिहिलं :
हालचाल, किंचित.
रुग्णाच्या मते हातोडीचा दांडा चुकलाय,
वजन पुढे हवं.